सुईच्या आधीचं गाऱ्हाणं

डोळ्याच्या ऑपरेशनआधी भुलेची सुई देताना पेशंटचं डोकं हललं, तर चूक पेशंटची, असं आमचे डॉक्टर म्हणत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी मालवणात नर्स होते. डॉक्टर महिन्यातून एकदा आठवडाभरासाठी घाटावरून यायचे. त्या खेपेला तारकर्लीचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, टेबलावर होता. एक डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच डोळ्यात. डॉक्टरांनी त्याला वर, नाकाच्या बाजूला बघायला सांगितलं आणि डोळ्याखालच्या हाडाच्या कडेने सुई डोळ्यामागे घातली. नेमकं तेव्हाच बाहेर पडवीत त्याच्या भावाने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तांडेलानेही म्हटलं, अगदी मान हलवून!

सुई काढेपर्यंत डोळ्यामागे रक्त साचलं आणि डोळा फुगून पुढे आला. तळहाताने बराच वेळ दाबून धरला, तेव्हा कुठे रक्त थांबलं. ऑपरेशन रद्द. "असल्या अडाण्याला पुन्हा टेबलावर घेणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मी तांडेलावर खेकसले, तर तो म्हणतो, "माझ्याचसाठी गाऱ्हाणा घालतत, आनि मीच व्हय म्हणूचा नाय?"

 राग आला तो डॉक्टरांचा. एका होकारापायी हा माणूस जन्मभर अंधारात बसणार होता.

डोळा निवल्यावर पुढच्या महिन्यात मी कुणालाही न विचारता त्याचं नाव यादीत घातलं आणि भावाला थिएटरच्या दारात उभं केलं. डॉक्टर भडकले.

"हे ऑपरेशन थिएटर आहे की देऊळ?"

"काहीही म्हणा, सर. नोकरी गेली तरी चालेल, पण गाऱ्हाणं आधी. ते पुरं झाल्याशिवाय हे डोकं स्थिर राहायचं नाही."

डॉक्टर सिरिंज धरून उभे राहिले. भावाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या भावाच्या डोळ्यात उजेड घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तांडेल म्हणाला. मीही म्हटलं, मुद्दाम मोठ्याने.

मग त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून मी सांगितलं, "मामा, गाऱ्हाणा संपला. आता देवान साद घातल्यान, तरी हालू नको."

सुई गेली. तो दगडासारखा पडून राहिला. थोड्या वेळाने डोळा फिरवायला सांगितला, तर फिरेना. औषध बरोबर जागी पोचलं होतं. मोतीबिंदू अख्खा निघाला.

पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्यासमोर बोटं धरली. तांडेलाने बराच वेळ निरखून पाहिलं.

"तीन," तो म्हणाला.

 डॉक्टरांनी हात धुतले, यादी उचलली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढच्याचं गाऱ्हाणं झालं का?"