मामांचा उजवा पाय

आमचे मामा मोटार चालवायला शिकवतात. अर्धी हयात शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेली. तिथे त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तो उजवा पाय इतका तयार झालाय, की टीव्हीत मोटार वळली तरी मामा सोफ्यावरून फरशी दाबतात.

एकदा जेवताना नात सहज म्हणाली, "आजोबा, गावातला निम्मा धूर तुमच्या विद्यार्थ्यांचा असेल, नाही?" झालं. मामांचा घास हातातच राहिला. आठवडा उलटायच्या आत बॅटरीवरची सायकल दारात उभी, आणि घोषणा झाली, "मोठ्या माणसांचा सायकलवर्ग काढतो. मी सोडलेला धूर मीच आवरणार."

"शाळेत असताना चालवली होतीत, तेवढ्यावर?" मामी म्हणाली. "मला मागे बसवून न उतरता टेकडीवरच्या बाजारात न्या, मग काढा वर्ग. नाहीतर सायकल दुकानात परत."

निघताना मामांनी आधी सवयीने नसलेला सीटबेल्ट चाचपला. मग मामी बसली, आणि स्वारी चढाला लागली. चढावर मोटारींची रांग तुंबलेली, आणि काचेकाचेआड मामांचा जुना शिष्य.

"मास्तर, क्लच हळू सोडा."

"मास्तर, आरशात बघितलंत का?"

मामा फुललेच. पायाखाली मोटर गुणगुणत होती, दम लागत नव्हता, मोटारी मागे पडत होत्या. मागून मामी सुरू, "खांदे सैल. समोर बघा. उगाच हात हलवू नका."

"तू मला शिकवतेस?"

"शेजारी बसून शिकवता येतं, मग मागे बसून का नाही?"

ऐन उभ्या चढावर समोरच्या टॅक्सीचं दार उघडलं. हाताशी दोन ब्रेक होते, पण मामांना ते आठवलेच नाहीत. उजव्या पायाने मात्र इमानेइतबारे आपलं काम केलं. सगळा जोर लावून तो खाली दाबला गेला.

बॅटरीच्या सायकलला एकच कळतं. पाय दाबला, म्हणजे गड्याला पुढे जायचंय. तिने अशी उसळी घेतली, की हँडल कसंबसं वळलं, दार थोडक्यात चुकलं, आणि दोघं सगळी रांग मागे टाकून थेट टेकडीच्या माथ्यावर.

मामीच्या मुठीत मामांचा शर्ट होता.

"उतरलो नाही हं," मामा म्हणाले.

"उतरायला सवड कुठे दिलीत?" मामीचे डोळे लकाकत होते. "वर्गात पहिलं नाव माझं घाला. आणि परत जाताना पुढे मी."

मामा निमूटपणे मागे बसले. उतार समोर दिसला मात्र, उजवा पाय हवेतच ब्रेक शोधू लागला.