आत्याच्या दहाव्याला मी केलेलं भाषण

बसा, चहा घ्या, आणि माझी अक्कल नदीकाठी कशी वाहून गेली ते ऐका. रोह्यात सगळ्यांचं हसून झालंय, पेणमध्येच काय ते पोचायचं राहिलंय.

आमची आत्या रोह्याला वारली. दहाव्यासाठी मी बाबांना घेऊन पेणहून सकाळी लवकर निघालो. बाबांनी साखरेची गोळी घेतली आणि नुसत्या चहावर गाडीत बसले. घाटावर पोचतो तर समोर काय? पिंडाच्या ओट्यापासून दहा पावलांवर, पत्र्याच्या शेडखाली, व्हेंडिंग मशीन. आत रंगीत दिवे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. एकाने मोबाईल दाखवून बाटली काढली, तर मशीन गोड आवाजात म्हणतं, "धन्यवाद, पुन्हा या."

दहाव्याच्या घाटावर, पुन्हा या! माझं टाळकंच सटकलं.

मला एकदा संस्कृतीरक्षणाची उबळ आली की आवरत नाही, हे तुम्ही जाणताच. मशीनला पाठ टेकवून मी सुरू झालो. "हा घाट आहे की एसटी स्टँड? आपलं माणूस गेलंय, आणि तुम्ही खारं घ्यावं की गोड, ते बघत बसलाय? कुठल्या दीडशहाण्याने बसवलं हे? दोन तास तोंड बंद ठेवता येत नाही माणसाला?"

भटजी हातात पळी धरून बघत राहिले. मशीनकडे निघालेले एक आजोबा मुकाट्याने मागे फिरले. तेवढ्यात बाबा उठले.

"बाबा, तुम्हीसुद्धा? सख्खी बहीण होती तुमची."

बाबा परत बाकावर बसले. त्यांना माझं पटलं असं मी समजलो. आत्याची एकुलती एक मुलगी सुलभाताई विधीला बसली होती, तिनेही माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. ती दाद आहे असं मी समजलो. समजण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पिंड मांडले. आता कावळा शिवेपर्यंत कोणी काही खायचं नाही. समोरच्या झाडावर चांगले सात-आठ कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. तास गेला. मग नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून कबुली द्यायला सुरुवात झाली.

सुलभाताई म्हणाली, "आये, शेत इकणार नाय गो." कावळे ढिम्म.

तिचे यजमान म्हणाले, "वालाचं बियाणं दरसाल ठेवू." ढिम्म.

मग मी पुढे झालो. आत्याच्या मनातलं मला नाही कळणार तर कोणाला? हात जोडले आणि पार नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आत्या, तुझा जीव कशात अडकलाय ते मी ओळखलं. हे मशीन मी इथून हलवतो. माझा शब्द."

सगळे कावळे एकदम उडाले आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसले.

सुलभाताईने मला दंडाला धरून मशीनपाशी नेलं. मी पाठ टेकवली होती नेमक्या त्याच जागी एक छोटी पाटी होती. पाटीवर आत्याचं नाव.

"आयेनंच बसवलंय ते," ती म्हणाली. "माझ्या आबांच्या दहाव्याला असाच कावळा शिवत नव्हता. दुपार झाली आन् मामा साखर उतरून हितंच पडले. आजूबाजूला दुकान नाय, काय नाय. आये लय घाबरली होती. एकच भाऊ तिचा."

आबा म्हणजे आत्याचे यजमान, आणि मामा म्हणजे माझे बाबा.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तू होतास कुठं? कंपनीत शिफ्ट होती ना तुझी? मामाच बोलले, त्याला कळवू नका, उगाच जिवाला घोर."

मी वळून बाबांकडे पाहिलं. कपाळावर घाम, डोळे मशीनमधल्या बिस्किटांवर. आणि या माणसाला मी चारचौघांत परत खाली बसवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मोबाईल मशीनसमोर धरता धरता दोनदा पडला. बिस्किटाचा पुडा फोडून मी त्यांच्या हातात दिला. कावळ्याच्या आधी त्यांनी खाल्लं, आणि भटजींनी तोंड फिरवून नदी बघितली.

दोन बिस्किटं पोटात गेल्यावर बाबा म्हणाले, "आता माझ्या ताईला नीट सांग."

मी पुन्हा पिंडांपुढे उभा राहिलो. या वेळी भटजींनाच काय ते ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आत्या, मशीन इथंच राहील. दर रविवारी येऊन मी भरीन."

कावळा असा झपकन आला की भटजींची पळी पडली.

गेल्या रविवारी खोकं खांद्यावर घेऊन शेडमध्ये शिरलो, तर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ तावातावाने भाषण करत होते. मला बघताच म्हणाले, "काय हो, असल्या ठिकाणी हे भरायला लाज नाही वाटत?"

"वाटते ना," मी म्हणालो, "म्हणून तर भरतोय."