प्यासी फरशी

आमच्या जालन्याच्या शाळेत हौद बांधणारा गवंडी प्रत्येक शहाबादी फरशीवर आधी ओंजळभर पाणी ओतून पाहत बसे. पाणी मुरले, की फरशी बाजूला.

"ही प्यासी हाय. पानी पिऊन राह्यली बघा."

उन्हाळा तोंडावर होता. मुख्याध्यापक चिडले, "दगड कधी पाणी पितो काय?"

मी तिथला नवा शिक्षक. संकोचाने म्हणालो, "पितो, साहेब. हा प्राचीन उथळ समुद्रात साचलेला चुना. हवामान आणि पाण्यातले क्षार बदलत, तसा एक थर घट्ट होई, दुसरा सच्छिद्र राही."

गवंडी मुख्याध्यापकांकडे वळून ताठ झाला. "गुरुजींनी समिंदराची साक्ष काढली! मंग मी येडा हाय व्हय?"

त्या फरश्या परत गेल्या. मी पुस्तकांतून उशिरा शिकलेले त्याची ओंजळ कधीपासून जाणत होती. तरी तो मला गुरुजी म्हणाला, याचा अजून अभिमान वाटतो.