मोबाइलमधलं गाठोडं

ॲपवर विक्री होईना, तर सगळे एकच सांगत होते, बटणं मोठी कर. ज्या कंपनीनं कापडदुकानाचं ते ॲप बनवलं तिचं म्हणणं हेच आणि दुकानाच्या मालकांचंही हेच. मी ऐकलं नाही. ॲपची मांडणी करणं हा माझा धंदा आहे, आणि दुखतंय कुठे ते न बघता औषध देणं मला जमत नाही.

दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेतलं, आमच्या शेजारच्या काकांचं. ॲपचा हट्ट त्यांच्या सुनेचा. तिला मी वहिनी म्हणते. कापडाची उत्तम नजर असलेली बाई, पण तिचा सगळा दिवस घरच्या रगाड्यात जायचा. ॲपमुळे ती पहिल्यांदाच दुकानात बसू लागली होती. काकांनी मात्र बजावलं होतं, "गणपतीपर्यंत बघतो. नाही चाललं तर बंद, मग तू आपलं घर बघ." मला हे सांगताना वहिनी हसली, पण तिचे डोळे भरले होते. मला संताप आला. म्हटलं, चालवूनच दाखवते.

ॲपवर बायका येत, साड्या तिथल्या खरेदीच्या पिशवीत टाकत आणि न घेताच निघून जात. का, ते कळावं म्हणून मी दुकानातच ठाण मांडलं. एक दिवस पालीकडची एक बाई आली. गौरीला नेसवायला साडी हवी होती. बरीच उलथापालथ करून तिनं तीन निवडल्या नि म्हणाली, "ह्या बाजूला ठेवा हां." काकांनी त्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि गाठोडं मागच्या फळीवर ठेवलं. तिथं तशी आणखी गाठोडी होतीच.

मी विचारलं, "आजच का नाही नेत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सासू बघेल, जावा बघतील, मुंबईला दीर आहे त्याला विचारायचं. गौरीची साडी एकटीनं कशी घेणार गो?" मग तिनंच मला धारेवर धरलं. "तुमच्या मोबाइलात पण ठेवलेली. संध्याकाळी बघते तर नाय! दिलीत ना दुसरीला?"

सापडलं! तासाभरात ॲप पिशवी आपोआप रिकामी करत होतं. घाई लावली की गिऱ्हाईक पटकन घेतं, असा कंपनीचा हिशेब. आमच्याकडची गिऱ्हाइकं घाई लावली की रुसतात, हे त्यांना कोण सांगणार?

मी सांगितलं. पिशवी काढून तिथं 'गाठोडं' आणलं. साड्या पुढच्या शनिवारच्या बाजारापर्यंत बाजूला राहणार, गाठोडं घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवता येणार, प्रत्येकीनं आपली पसंती कळवायची, आणि मुंबईच्या दिरानं तिथूनच पैसे भरायचे. कंपनीवाले म्हणाले, असं कुठे नसतं. म्हटलं, रत्नागिरीत असतं, या बघायला. नवे फोटो वहिनीनं काढले, दारातल्या उजेडात, काठ आणि पदर एकत्र दिसतील असे.

"माल अडकून राहील गो," काका कुरकुरले. मी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "तिथला नाही अडकत?"

श्रावण सरता सरता मोबाइलमध्ये गाठोडी बांधली जाऊ लागली. लांबच्या केळशी गावचं आलं, बुरोंडीचं आलं, आणि पैसे भरून ती सुटूही लागली. काका मात्र हो म्हणेनात की नाही म्हणेनात.

गणपती तोंडावर आले तशी मी भांडायच्या तयारीनं दुकानात गेले. काका फोनवर बोलत होते. "एवढ्या लांबून कशाला येताय? घरी बसून मोबाइलवर बघा की... नाही हो, मला त्यातलं काय विचारता? ते दुकान आमच्या सुनेचं. थांबा, तिच्याकडे देतो."

वहिनीच्या हातात अर्धवट घडी घातलेली साडी होती. ती तशीच खांद्यावर टाकून तिनं फोन घेतला. मग म्हणाली, "हां, बोला. काठ कुठला हवा?"