तापानीची स्टिक मोडली तेव्हा

आम्ही फिनिश माणसं फार बोलत नाही. तापानी कोस्केला बोलतो. आमच्या गिरणीगावाच्या आइस हॉकी संघाचा हा बचावपटू, आणि मी त्या संघाचा फिजिओ. सतरा वर्षांत गोल बोटांवर मोजण्याइतके, पण अडवलेल्या फटक्यांचे वळ अंगभर. काल त्याचा शेवटचा सामना होता. हरेल तो संघ खालच्या गटात जाणार होता.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि तापानीची स्टिक मोडली. अशा वेळी पुढच्या फळीतल्या खेळाडूने आपली स्टिक बचावपटूला द्यायची, अशी रीत आहे. आमच्या विल्योने पुढे केलीही. तापानी ओरडला, "ठेव तुझ्याकडेच! रिकाम्या हातांनी काय करशील, भाषण?"

इतक्यात खेळाची रबरी चकती ओन्नीकडे गेली. ओन्नी समोरच्या संघाचा हुकमी खेळाडू, आणि तापानीचा धाकटा भाऊ. त्याने स्टिक उगारली तेव्हा तापानी डावीकडे आडवा झालाच होता. चकती त्याच्या बरगड्यांवर आदळली. सामना संपल्याचा भोंगा वाजला.

मी थक्क झालो होतो. कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या बरगड्यांना बर्फ लावताना विचारलं, "तो तिकडेच मारणार, हे तुला कसं कळलं?"

"लहानपणी अंगणातल्या बर्फावर हा रोज तिकडेच मारायचा. गोलकीपर कोण? मीच."

दारात ओन्नी उभा होता. डोळे लाल. "दादा, आज तरी बाजूला व्हायचंस!"

"त्यासाठी मला पगार देत नाहीत," तापानी म्हणाला. "चल, हात दे. आईने दालचिनीचे पाव केलेत."

ओन्नीने नाक पुसलं आणि त्याला उठवलं.