तानपुरा लावून ऐकलेला पियानो

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गेले तीही संगीतात. उमरीत कुणी विचारलं तर बाबा "पोरगी नांदेडला एम.ए. करून राहिली" एवढंच सांगतात आणि विषय सोयाबीनकडे वळवतात. त्यांचंही चुकत नाही. कशात करते हे मलाच कधी कधी नीट सांगता येत नाही.

आम्हाला दोनपैकी एक पेपर निवडायचा होता. एक गायनाचा, दुसरा आधुनिक अभिजात संगीताच्या विश्लेषणाच्या पद्धतींचा. माझा आवाज तार सप्तकात गेला की फाटतो. ऐकायला मात्र मला मनापासून आवडतं, म्हणून मी दुसरा मागितला. तो शिकवणाऱ्या मॅडमना माझी खात्री नव्हती. त्यांनी सांगितलं, लातूरच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं चर्चासत्र आहे, तिथे एक रचना उलगडून दाखव. जमलं तर पेपर तुझा, नाही तर मुकाट गायन घे. गायन घेणं म्हणजे नापास होणं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

रचना परदेशी होती, पियानोची, जेमतेम दोन-तीन मिनिटांची. तिचा नियम मॅडमनी समजावला होता. सप्तकातले बारा स्वर, कोमल-तीव्र धरून, सगळे एकदा येऊन जाईपर्यंत कुणी परत यायचं नाही. त्यात कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. आपण स्वरांना शून्यापासून अकरापर्यंत आकडे द्यायचे आणि तो क्रम पुढे कुठे उलटा येतो, कुठे वर सरकतो ते शोधायचं. ऐकून मला सोपं वाटलं.

सुट्टीत घरी ती लावली तेव्हा आई जात्यापाशी डाळ निवडत होती. बराच वेळ तिनं सहन केलं. मग विचारलं, "कुणी पेटी पुसून राहिलंय का?"

होस्टेलवर परतल्यावर मी नेटानं अभ्यासाला लागले. माझ्या मोबाइलवर पियानो, आणि खोलीतल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर तानपुरा, काळी चारमध्ये. ती माझी पट्टी. तानपुरा लाव असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण लावू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं. संगीत ऐकायचं म्हणजे आधी सूर धरायचा, हे मी गल्लीतल्या भजनापासून करत आले होते. आणि काय सांगू, रचना उलगडायला लागली. सुरुवात कोमल ऋषभावर होत होती, मध्ये ती पंचमाशी रेंगाळत होती, शेवटाला षड्जाच्या दारापर्यंत येऊन लाजून मागे फिरत होती. या लाजण्यावर मी दोन पानं लिहिली. आकडे राहिलेच, पण एवढं सापडल्यावर आकडे कशाला, असं मला वाटलं.

लातूरला जायच्या दिवशी एसटीत मॅडम शेजारी बसल्या होत्या. शेवटची उजळणी म्हणून मी इयरफोन घातले. मैत्रिणीचा मोबाइल अर्थातच नांदेडला राहिला होता. रचना सुरू झाली आणि तिच्यात षड्ज नव्हता. पंचमही नव्हता. कुणी कुणाच्या दाराशी लाजत नव्हतं. मला वाटलं भलतीच फाइल लागली. पुन्हा लावली, तीच होती.

मी मॅडमना सांगितलं की माझा सा हरवला. त्यांनी माझी पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हा सा तू आणलास कुठून?"

"तानपुऱ्यातून. मैत्रिणीच्या मोबाइलवरच्या," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. मला मात्र रडू येत होतं. गायनाचा पेपर मला समोरच्या सीटच्या पाठीवर लिहिलेला दिसत होता. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आता नवं काही जुळवू नको. जे झालं तेच तिथं करून दाखव."

लातूरच्या वर्गात एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, वर विणलेला रुमाल टाकलेला. समोर सगळी गाणारी-वाजवणारी मुलं. मी आधी नुसता पियानो ऐकवला. सगळे सभ्यपणे छताकडे बघत होते. मग काळी चारचा तानपुरा लावून तोच ऐकवला आणि सा सापडला की हात वर करा म्हणाले. एका जागी बरेच हात वर गेले, दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या. मग मी तानपुरा वेगळ्याच पट्टीत, पांढरी दोनवर नेला आणि पुन्हा विचारलं. हात पुन्हा वर गेले, पण दुसऱ्याच जागी. डोलणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिला.

मी अडखळत एवढंच सांगितलं, की या रचनेत सा नाही, तो आपण घरून आणतो. तो बाजूला ठेवून ऐकायचं म्हणून हे आकडे. मग फळ्यावर शून्य ते अकरा लिहिले आणि पहिल्या ओळीचा क्रम सगळ्यांकडून शोधून घेतला. दोन आकडे चुकले, ते मागच्या बाकावरच्या मुलीनं दुरुस्त केले.

परतीच्या एसटीत मॅडम बराच वेळ डोळे मिटून होत्या. झोपल्या असं वाटत असतानाच म्हणाल्या, "पेपर घे. पण मैत्रिणीचा मोबाइल तिला परत कर."

त्यानंतर उमरीला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात आकडे मांडत बसले होते. आई भाकरी थापत होती. म्हणाली, लाव तुझं ते पेटी पुसायचं. मी लावलं. थोड्या वेळानं तिचे हात आपोआप जरा सावकाश पडायला लागले आणि ती म्हणाली, "हाव, आता आलं बघ ठेक्यात."

मी परातीत पडणाऱ्या तिच्या हातांकडे बघितलं. शून्य ते अकरा राहिलं बाजूला. मलाही सम ऐकू येत होती.