आधी स्वेटर काढा

माझी शेवटची पोस्टिंग कोलकात्याची. गार्डन रीचच्या बाजूला युनिटची फॅमिली क्वार्टर्स होती आणि तिथेच एमआय रूम, म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना. मी तिथे नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. सकाळी आजारी जवानांचा सिक रिपोर्ट, त्यानंतर बायका-मुलं.

एमआय रूमचे सुभेदार साहेब टर्नआउटवर, म्हणजे टापटिपीवर, जीव टाकायचे. जवानाची दाढी बघावी तशी पोरांची बटणं बघायचे. जुन्या साडीत गुंडाळून आणलेलं बाळ दिसलं की आईला सगळ्यांसमोर ऐकवायचे, "ये हॉस्पिटल है, धोबीघाट नहीं." नटवून आणलं तर, "वाह, दूल्हा आया है!" बायका हसायच्या. पुढच्या वेळी मूल आजारी पडलं की आधी त्याला सजवत बसायच्या.

त्या डिसेंबरात लान्स नायक मोरे उत्तर बंगालला ड्यूटीवर होता. बायको स्वाती साताऱ्याकडची, क्वार्टरमध्ये एकटी. मुलगी ओवी दहा महिन्यांची. तिला खोकला झाला म्हणून स्वाती सकाळी एमआय रूमला गेली. डॉक्टर रजेवर होते, मी औषधं आणायला बाहेर. सुभेदार साहेबांनी पाहिलं. ओवीच्या अंगात लाल स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी. थर्मामीटर लावला. ताप नाही. "सर्दी है." खोकल्याचं सिरप दिलं. स्वेटरचं एक बटण कुणी उघडलं नाही.

दुपारी मी परतलो तर स्वाती ओवीला घेऊन दारात उभी.

"भाऊ, दूध ओढतच नाही. नुसती पडून आहे."

"स्वेटर काढ तिचा."

"गार लागेल हो."

"काढ आधी!"

झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखालचा भाग आत खेचला जात होता. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बासष्ट. खोकणाऱ्या बाळाचे, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या, पन्नास झाले तरी न्यूमोनिया धरून चालायचं, ताप असो वा नसो. त्यात छाती आत जातेय, मूल दूध घेत नाही, म्हणजे सिरप नाही, उद्या नाही. हॉस्पिटल.

मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, हवालदार जाधव. बच्ची, दस महीने. रेस्पिरेशन बासठ, चेस्ट इनड्रॉइंग, दूध नहीं ले रही."

"ऑक्सिजन लगाओ. फौरन लाओ."

ॲम्ब्युलन्सच्या दाराशी सुभेदार साहेब आले. "सुबह तो ठीक थी."

"छाती देखी थी, साहब?"

"बुखार नहीं था."

"छाती, साहब."

मी दार ओढून घेतलं.

हॉस्पिटलने काही कमी केलं नाही. उशीर आमच्याकडून झाला होता. दुसऱ्या दिवशी ओवी गेली. मोरे कॉम्बॅट ड्रेसमध्येच पोचला. तिचे कपडे हातात घेऊन बसला.

स्वातीने मला विचारलं, "मीच एवढं गुंडाळलं म्हणून का हो, भाऊ?"

"नाही. तुला ते आम्ही शिकवलं."

मी एमआय रूमच्या दारावर बोर्ड लिहून लावला. हिंदी, मराठी, बंगाली: बाळाचे कपडे आधी काढा, छाती बघा, श्वास मोजा. वार्षिक इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तो गायब. हाताने लिहिलेला आहे, बरा दिसत नाही, असं सुभेदार साहेबांचं म्हणणं. मी तो कचऱ्यातून काढला आणि त्यांच्यासमोर परत ठोकला.

"रिपोर्ट करना है तो कीजिए, साहब."

केला नाही.

निवृत्तीनंतर मी कोलकात्यातच राहिलो. इथल्या मराठी घरांत, बँकेतले असोत की आयटीतले, लेकराला जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून मला दाखवायला पुढे करतात. "काका, ताप नाहीये हो, नुसता खोकला." माझा आवाज चढतो. चढू दे. चेन उघडली जाते.

दरवर्षी युनिटच्या स्मृतिदिनाला जातो. गेलेल्यांची नावं वाचली जातात, आम्ही सावधान उभे असतो. ओवी मोरे हे नाव तिथे कुणी वाचत नाही. शेवटचं नाव झालं की मी घेतो. सुभेदार साहेब पुढच्या रांगेत असतात. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात घेतो.